चार सेकंदांची ओवी

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून फोन तसाच ओट्यावर स्पीकरवर ठेवला. तू रडवेली होऊन म्हणालीस, "ताई, वाजायलंय गं, पण चार सेकंदाला बंद पडायलंय. सगळ्याच ओव्या." मग मी बराच वेळ काही बोलले नाही. तुला वाटलं असेल, ताई दमलीय, आपण उगीच छळायलोत. तसं नव्हतं बाळा. चार सेकंद हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. त्याबद्दल मी घरात आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सांगते.

पण आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. फोनमधली मूळ रेकॉर्डिंगं अजून आहेत ना? मग काही बिघडलेलं नाही. फक्त आज काहीही पुसू नकोस. जागा नाही म्हणून फोन कुरकुरला तरी पुसू नकोस.

आता चार सेकंदांचं गणित बघ. तू ओव्यांच्या एमपीथ्री करून डेटाबेसात टाकल्यास, सेकंदाला १२८ किलोबिटच्या. म्हणजे एका सेकंदाला १६,००० बाइट. टेबलात आवाजाच्या रकान्याचा प्रकार तू नुसता 'ब्लॉब' दिलास, कारण नाव ऐकून वाटतं की यात काहीही मावेल. मायएसक्यूएलमध्ये नुसत्या ब्लॉबमध्ये ६५,५३५ बाइट मावतात. त्याला १६,००० नं भाग. चार सेकंद आणि वर थोडं. तुझी ओवी स्क्रिप्टनं तोडलेली नाही, वाजवणाऱ्यानंही नाही. आत जातानाच ती तुटून गेलीय. खात्री करायची तर टेबलाला प्रत्येक ओवीच्या रकान्याची लांबी विचार, लेंग्थ लावून. सगळ्या ओळींना ६५,५३५ हाच आकडा आला तर समज. वेगवेगळ्या बायांच्या वेगवेगळ्या ओव्या एकाच मापाच्या कशा असतील?

तू विचारशील, मग डेटाबेस ओरडला का नाही. नवा मायएसक्यूएल ओरडतो. ५.७ पासून तो मुळातच कडक असतो, रकान्यात न मावणारं काही दिलं तर घेतच नाही. पण कुठल्याशा जुन्या प्रोग्रामची अडचण होते म्हणून ही शिस्त कुणीतरी बंद करून ठेवलेली असते, आणि मग तो मावेल तेवढं घेतो, उरलेलं टाकून देतो, कोपऱ्यात एक इशारा नोंदवतो. तो इशारा कुणी वाचत नाही. वर एमपीथ्रीचा स्वभाव असा की ती लहान लहान तुकड्यांची माळ असते. माळ मध्येच तुटली तरी हातात राहिलेले मणी नीट वाजतात, चूक म्हणून काही दिसत नाही. फोनची एम-फोर-ए फाइल असती तर बऱ्याचदा तिची अनुक्रमणिका शेवटाला असते. अशी फाइल अर्धी तुटली की उघडतच नाही, आणि माणूस तिथंच सावध होतो. एमपीथ्री वाजली, म्हणून आपण फसलो.

'आपण' म्हणाले, कारण माझंही असंच झालं. किल्लारीकडची आपली आत्या तुला आठवते का? तू लहान होतीस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी, भूकंप झाला त्या रात्रीचं ती एकदाच सलग बोलली होती, माझ्यापाशी, चुलीपुढं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं उशिरा निजली होती. मी ते सगळं फोनवर धरलं होतं, चाळीसेक मिनिटं. मधेच ती थांबली आणि जात्यावरची एक ओवी म्हणाली. जातं नव्हतं पुढं, पण हात फिरत होता. मी तेव्हा नवी नवी डेटाबेस शिकत होते. मोठ्या हौसेनं टेबल केलं, आवाज एमपीथ्री करून आत टाकला, पहिला शब्द ऐकला, "वाजतंय" म्हणून खूश झाले. आणि पुढच्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो मावावेत म्हणून फोनचं कार्ड मोकळं केलं.

दोन वर्षांनी आत्या गेली. तेराव्याला सगळे जमले होते, मी म्हटलं, आत्याचा आवाज आहे माझ्याकडं. लॅपटॉप उघडला. "गणपती बुडवून आलो आन्..." एवढंच आलं. त्या "आन्" पुढं काही नाही. सगळ्यांना वाटलं लॅपटॉप बिघडला, मीही तसंच म्हटलं. घरी येऊन रकान्याची लांबी बघितली, ६५,५३५. ते चार सेकंद मी अजून जपून ठेवलेत. म्हणून काल मी गप्प झाले गं.

तर आता नीट ऐक. तुझ्या मैत्रिणी सांगतील, रकाना लाँगब्लॉब कर, सुटलं. ते खोटं नाही. मीडियमब्लॉबमध्ये १६ एमबी मावतात, लाँगब्लॉबमध्ये ४ जीबी. पण रकाना मोठा केला म्हणून तुटलेले बाइट परत येत नाहीत, सगळ्या ओव्या मूळ फाइलींवरून पुन्हा भराव्या लागतील. आणि भरतानाही दारात दुसरे पहारेकरी आहेत. पीएचपी मुळात २ एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढूच देत नाही, ती मर्यादा वाढवावी लागते. मायएसक्यूएलची एका वेळच्या पुडक्याची मर्यादा वेगळी, ५.७ मध्ये ती मुळात ४ एमबी होती, ८.० मध्ये ६४ झाली. एकेक दार उघडत जाशील आणि वाटेल की जिंकलो.

माझं मत वेगळं आहे. आवाज टेबलात ठेवूच नकोस. आवाज फाइलीत ठेव, आणि त्या आवाजाबद्दल आपल्याला जे जे ठाऊक आहे ते टेबलात. टेबलात फाइलीचा पत्ता, तिची बाइटमधली लांबी आणि तिचा एसएचए-२५६ ठसा, एवढं असू दे. ठसा म्हणजे फाइलीवरून काढलेली आकड्या-अक्षरांची एक ओळ. फाइलीतला एक बाइट जरी हलला तरी ती ओळ बदलते. महिन्यातून एकदा सगळ्या फाइलींचा ठसा पुन्हा काढून टेबलातल्याशी ताडून बघणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिही. मी ती लिहिली असती तर आत्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं असतं, फोन मोकळा करायच्या आधी.

फाइलींना नावं आकड्यांची दे. "सखूमावशीची पहिली ओवी नवीन खरी" असली नावं नकोत. मराठी नाव टेबलात शोभतं, आणि त्या टेबलाची अक्षरमाला यूटीएफ-८ एमबी-४ आहे ना हे आधीच बघ. ८.० च्या आधीचा मायएसक्यूएल मुळात लॅटिन धरून चालतो. मग बाईचं नाव, गाव, सगळी प्रश्नचिन्हं होऊन बसतात, आणि ती प्रश्नचिन्हं पुन्हा अक्षरं होत नाहीत.

एका ठिकाणी मात्र मी माझा हट्ट सोडते. सगळा संग्रह एकाच फाइलीत बांधून कुणाच्या हातात द्यायचा असेल, समज गावातल्या शाळेला पेनड्राइव्हवर, तर एसक्यूलाइट घे आणि आवाज खुशाल आत ठेव. एका ब्लॉबला मुळातली मर्यादा १०० कोटी बाइटची आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं माहितीसंच जपायला सुचवलेल्या स्वरूपांत एसक्यूलाइट आहे. ते बनवणाऱ्यांनीच मोजून सांगितलंय की दहाएक केबीचे तुकडे त्यातून सुट्या फाइलींपेक्षा लवकर वाचले जातात, पण शंभर केबीच्या वर गेलं की सुटी फाइल बरी. आपली एक ओवी शंभर केबीच्या कितीतरी वर असते. तरी एका पेनड्राइव्हवर शे-दोनशे ओव्यांना त्यानं काही फरक पडत नाही.

वाजवायचं कसं हेही सांगते. तुझ्याच लॅपटॉपवर ऐकायचं असेल तर सोपं. पायथॉनमधून ओळ मागव, हाती येतात ते नुसते बाइट, ते तात्पुरत्या फाइलीत लिही आणि त्या फाइलीचा पत्ता वाजवणाऱ्याला दे. लिहून झाल्यावर फाइल बंद करायला विसरू नकोस. शेवटचे बाइट अजून डिस्कवर उतरलेले नसतात आणि वाजवणारा आधीच धावत सुटतो, मग शेवटची ओळ गिळल्यासारखी होते.

वेबपानावर वाजवायचं तर ऑडिओच्या खुणेत फाइलीऐवजी स्क्रिप्टचा पत्ता दे, मागं ओवीचा क्रमांक. स्क्रिप्टनं आधी सांगायचं की हे 'ऑडिओ/एमपेग' आहे, मग लांबी सांगायची, मग बाइट. त्याआधी एक अक्षरही बाहेर पडू देऊ नकोस, पीएचपीची खूण सुरू व्हायच्या आधीची रिकामी ओळसुद्धा. ती एक रिकामी ओळ मला एकदा रात्रभर घेऊन बसली होती. आणि क्रमांक डेटाबेसच्या प्रश्नात थेट जोडून वाक्य बनवू नकोस. प्रश्नचिन्हाची जागा ठेव आणि मूल्य वेगळं पाठव, नाहीतर क्रमांकाच्या जागी कुणीही आपली आज्ञा घुसवेल.

आयफोनवर वाजत नाही असं एक दिवस कुणीतरी सांगेलच. कारण असं, की आयफोन सगळी फाइल एकदम मागत नाही. आधी नुसते पहिले दोन बाइट मागून बघतो, देणाऱ्याला तुकड्यानं देता येतं का ते. तुझ्या स्क्रिप्टनं २०६ म्हणत मागितला तेवढाच तुकडा द्यायला हवा. पण ती २०० म्हणून सगळं पुढ्यात ओतते आणि तो तोंड फिरवतो. हे तुकड्यांचं काम स्वतः लिहिण्यात खूप चुका होतात. आवाज फाइलीत असला तर अपाची किंवा एनजिनएक्स ते आपोआप करतात, स्क्रिप्टला फक्त परवानगी तपासायचं काम उरतं. फाइलीचा हट्ट मी धरते त्यात हेही आहे. रेंज कमी असलेल्या गावात अर्ध्यावर अडकलेली ओवी पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागत नाही, हेही.

आता परवानगीवर थांबते, कारण तुझ्या यादीत मला तिचा रकानाच दिसला नाही.

जात्यावर बाई काय म्हणते हे तुला आता ठाऊक आहे. माहेरचा भाऊ, विठ्ठल, सीता, हे सगळं म्हणते, पण सासूचा जाच म्हणते, नवऱ्याच्या हातचा मारही म्हणते. दळताना घरचे झोपलेले असायचे, म्हणून ते म्हणता यायचं. तू ते दिवसाढवळ्या धरलंस आणि क्रमांक दिलास बारा. कुणीतरी पत्त्यातला बारा खोडून तेरा लिहील आणि शेजारच्या बाईचं मन ऐकेल, कदाचित तिची सूनच ऐकेल. पानावर बटण लपवलं म्हणजे झाकलं असं होत नाही. बाइट बाहेर काढायच्या आधी स्क्रिप्टनंच टेबलाला विचारलं पाहिजे, ही ओवी सगळ्यांसाठी आहे का. आणि खासगी फाइली पानाच्या फोल्डरात ठेवायच्याच नाहीत, बाहेर ठेवायच्या.

परवानगी कागदावर अंगठा घेऊन घेऊ नकोस. तिच्याच आवाजात घे, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला: नाव लावू का, गाव सांगू का, लेकरांना ऐकवू का, परक्यांना ऐकवू का. चार वेगळे प्रश्न, चार वेगळे रकाने. एखादी म्हणेल, ओवी लाव पण माझं नाव नको. एखादी उलट म्हणेल, नाव लावच, आजवर कुणी लावलं नाही. उद्या तिनं मन बदललं तर तो रकाना एका मिनिटात बदलता आला पाहिजे, आणि त्यासाठी तिला कुणाला फोन करायचा ते माहीत पाहिजे.

रकान्यांचंच निघालंय तर, 'गाव' असा एकच रकाना केलास तू. बाईला एक गाव असतं का? ओवी माहेरून येते आणि सासरी वाढते. माहेर वेगळं लिही, सासर वेगळं, आणि कुणाकडून ऐकली तेही. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं. देगलूर-बिलोलीकडच्या बाईच्या बोलीत तेलुगू शब्द येतील, उदगीर-निलंग्याकडं कानडी. किनवट-माहूरकडं गेलीस तर गोरमाटी ऐकशील, गोंडी ऐकशील. तिथं भाषेच्या रकान्यात सरसकट 'मराठी' भरू नकोस. आणि किल्लारीसारखी गावं भूकंपानंतर उठून दुसरीकडं वसली. नाव तेच, जागा निराळी. ओवीतला पार, ओवीतली वेस जुन्या गावातली आहे. जुनं की नवं, हे विचारून लिही.

हे सगळं मी माझ्या मनानं सांगत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या दोघांनी गावोगावच्या बायांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावांतून. आधी हातानं लिहून घेतलेल्या. बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे गृहस्थ पुढं त्यांच्यासोबत आले, त्यांनी त्या शब्दांचा डेटाबेस उभा केला आणि १९९० च्या दशकात शंभरावर तासांचा आवाज टेपवर धरला. पॉइट्वाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. तरी तो आवाज राहिला. एक प्रत दिल्लीशेजारी गुडगावच्या संगीत संग्रहालयात, एक फ्रान्समध्ये, आणि २०१७ पासून 'पारी'नं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियानं, त्या ओव्या लोकांपुढं आणायला घेतल्या. गाणारीचं नाव, गाव, जात, लेकरं किती, धंदा काय, रेकॉर्डिंगची तारीख, सगळं ओवीसोबत. विषयवार शोधताही येतं. गायलेली ओवी आणि लिहिलेली ओवी एकमेकींना जोडलेली.

त्यात आपल्या अगदी शेजारची बाई आहे. परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा तालुक्यातलं ताडकळस. तुझ्या नांदेडहून काही लांब नाही. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ मध्ये धरलेला आहे. वनात एकट्या पडलेल्या सीतेच्या ओव्या त्यांनी गायल्यात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही तशाच धरलेल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या आहेत. आज रात्री गंगूबाईंचा आवाज शोधून ऐक, कानात इअरफोन घालून, दिवा मालवून. १९९६ मधली टेप, आणि आज नांदेडात एका पोरीच्या कानात ती पुरी वाजते. शेवटपर्यंत. हे कुणीतरी प्रती जपल्या म्हणून झालं.

म्हणून प्रतींचं सांगते. एक तुझ्या लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, माझ्याकडं लातूरला. गोदावरी चढली तरी मांजराकाठची प्रत कोरडी राहील. मूळ आवाज शक्यतो वेव्हमध्ये ठेव, एमपीथ्री फक्त ऐकवायला. एका वाहिनीचं वेव्ह मिनिटाला पाच एमबीच्या थोडं वर जातं, तासाला सव्वातीनशेच्या आत. आजच्या डिस्कांना ते काहीच नाही. फोनमध्ये फक्त एम-फोर-ए असेल तर तीच मूळ समज आणि जशीच्या तशी ठेव. तिचं वेव्ह केल्यानं गेलेलं काही परत येत नाही.

आणि एक. वाजवून बघताना पहिला शब्द ऐकून खूश होऊ नकोस. शेवटचा शब्द ऐक. प्रत्येक ओवीचा. शंभर असतील तर शंभर. कंटाळा आला तर मला फोन लाव, आपण दोघी मिळून ऐकू.

शनिवारी मी अहमदपूरला येते. तुला लोह्यावरून एसटी सोपी पडेल, मी चाकुरावरून येईन, स्टँडवर भेटू. मी डिस्क आणते. तू फोन आण, काहीही न पुसता, आणि तो लहान स्पीकर आण. आधी आजीकडं जाऊ. तिची ओवी तिला आजवर कुणी ऐकवलेली नाही. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा स्पीकर जात्याच्या पाळीवर ठेवू, तिच्या उजव्या बाजूला. मग तिलाच विचारू ते चार प्रश्न.